सतरा नंबरचे गृहस्थ

नगरपालिकेत तिला सगळे 'खुलासा' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि एकदा तर हजेरीपटावरही तसंच लिहिलं गेलं होतं. कारण साधं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या टेबलावर बावीस कागद आले आणि बावीसच्या बावीस कागदांच्या समासात तिनं लाल शाईनं लिहिलं, 'खुलासा व्हावा'. त्यातला एक कागद तिच्याच नेमणुकीचा होता.

मुळात स्वभावच तसा. लहानपणी आई म्हणायची, "झोप आता, नाहीतर बागुलबुवा येईल." त्यावर ही विचारायची, "किती वाजता?"

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. सहा महिने नीट गेले तर कायम, नाही गेले तर मावशीचं झेरॉक्सचं दुकान. तिथे तिच्यासाठी एक स्टूल आधीच राखून ठेवलेलं होतं. मावशी प्रेमळ होती, पण दिवसभर बोलायची, आणि मशीन चालू असलं की त्याच्यावर आवाज चढवून बोलायची. पाच महिने तीन आठवडे कसेबसे निघाले होते. आता शेवटचा आठवडा होता. सोमवारी सकाळी हेडक्लार्कनं तिला बोलावलं आणि चोवीस थोर माणसं तिच्या हवाली केली.

ही माणसं कचेरीच्या लांब बोळात भिंतीवर राहत. जिन्यापासून स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत एका ओळीत चोवीस खिळे होते आणि चोवीस खिळ्यांवर चोवीस 'नगरभूषण'. दरवर्षी गावातल्या एका माणसाला हा मान मिळे, जो खिळा रिकामा असेल त्यावर त्याचा फोटो लागे, खाली पितळी पट्टी लागे. पंचविसावा मान यंदा खुद्द अध्यक्षांना मिळणार होता. निवड समितीचे अध्यक्ष अध्यक्षच असल्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नव्हता. अडचण एवढीच, की चोविसाव्या खिळ्यानंतर भिंत संपत होती आणि स्वच्छतागृह सुरू होत होतं.

"अध्यक्षांना तिथे टांगता येत नाही," हेडक्लार्क म्हणाले. ते गोल, घामट आणि मनानं चांगले होते. वरच्यांना दुखवायचं नाही आणि खालच्यांना ओरडायचं नाही, या दोन नियमांत त्यांची तीस वर्षं गेली होती. "तर आपण एक पुस्तिका काढतोय. प्रत्येकावर चाळीस शब्द, शनिवारच्या कार्यक्रमाला. ज्याच्यावर चाळीस शब्द जमणार नाहीत, तो खाली उतरेल आणि त्या जागी अध्यक्ष जातील. तुम्ही लिहा. शेवटी 'माहिती तपासली आहे' आणि तुमची सही. पुस्तिका नीट झाली की सोमवारी तुमचा कायम करण्याचा कागद अध्यक्षांपुढे ठेवतो. नीट म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं."

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

हेडक्लार्कनी रुमाल काढला.

मंगळवारी ती कपाटं उपसायला बसली आणि भिंतीवरची माणसं एकेक करून पातळ व्हायला लागली. तीन नंबर अग्निशमन दलाचे प्रमुख. सात वर्षांत गावात एकही आग लागू दिली नाही म्हणून मान. चौथ्या वर्षापर्यंत गावात बंबच नव्हता, हे कागदावर कुठे नव्हतं, बंबाच्या पावतीवर होतं. नऊ नंबरनी वाचनालयाला शिडी दिली होती. दुसऱ्या वर्षी रंगकाम निघालं म्हणून परतही नेली होती. चौदा नंबर शंभर वर्षं जगले, आणि त्यांच्या जन्माचा पुरावा म्हणून त्यांचीच रोजनिशी जोडलेली होती. एकवीस नंबरना मान मिळाला होता तो आदल्या वर्षी मान नाकारल्याबद्दल.

तिनं सगळ्यांचे चाळीस चाळीस शब्द लिहिले. खोटं काही लिहिलं नाही. शिडीचं तर दोन्ही बाजूंनी लिहिलं. थोर माणसांत थोडं पाणी असणारच, हे तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं. ते पाणी किती, एवढं लिहिलेलं असलं की झालं.

अडली ती सतरा नंबरवर.

सतरा नंबरचे गृहस्थ सगळ्यांत देखणे होते. कोट, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, ओठांवर अर्धं हसू आणि नजर कुठेतरी लांब, इतकी लांब की त्यांच्यासमोरून जाताना माणूस उगाच मागे वळून बघे. खाली पट्टी मात्र नव्हती, पट्टीचे दोन स्क्रू होते. त्या वर्षीच्या सभेचा ठराव सापडला. त्यात एकच वाक्य होतं : 'या वर्षीचा मान ठरल्याप्रमाणे देण्यात यावा.'

तिनं कचेरीत विचारायला सुरुवात केली.

"सतरा नंबर?" जन्ममृत्यू नोंदणीचे कारकून हातातलं पेन खाली ठेवून म्हणाले. "काय माणूस होता. गेले तेव्हा अर्धा दिवस कचेरी बंद होती."

"कधी गेले?"

"ते बघावं लागेल."

"तुमच्याकडेच रजिस्टर आहे ना?"

"म्हणूनच म्हणतो, बघावं लागेल."

करवसुलीच्या बाईंना त्यांचा आवाज आठवत होता. हेडक्लार्कना त्यांचं अक्षर आठवत होतं. "आणि डोळ्यांत बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात दूरदृष्टी. आजकाल नाही दिसत अशी." आणि अध्यक्षांचं तर सगळ्या गावाला पाठ होतं. गेली अकरा वर्षं दर वार्षिक समारंभात ते सतरा नंबरकडे हात करून सांगत, की मी पाच वर्षांचा होतो, चौकात तोबा गर्दी होती, मला काही दिसेना, तेव्हा या थोर पुरुषानं मला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं, आणि त्या दिवशी मी उंचीवरून जग पाहिलं. इथे टाळ्या पडत.

अख्ख्या कचेरीत "मला माहीत नाही बुवा" असं म्हणणारा एकच माणूस निघाला. नाना. नाना शिपाई होते. वर्षभरात निवृत्त होणार होते, आणि रोज सकाळी जिन्यापासून दारापर्यंत चोवीस काचा पुसणं हे त्यांचं पहिलं काम होतं.

"इतकी वर्षं पुसताय, नाना. कधी विचारलं नाहीत कोणाला?"

"आपण काच पुसतो, ताई," नाना म्हणाले. "आतलं आपलं काम नाही."

तिला ते उत्तर आवडलं. कचेरीत पहिल्यांदाच तिला तपासायला न लागणारं वाक्य मिळालं होतं. निदान तेव्हा तरी तिला तसं वाटलं.

गुरुवारी तिनं स्टुलावर चढून फ्रेमच्या मागे डोकावून बघितलं. तिथे दुकानाचा कागद चिकटवलेला होता. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं, अजून चालू होतं, आणि अध्यक्षांच्या फ्रेमची ऑर्डरही तिथेच गेलेली होती. दुपारी ती तिकडे गेली. काचेचं दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली.

सतरा नंबरचे गृहस्थ तिथे पंचेचाळीस होते.

मोठ्या फ्रेममध्ये होते, पाकिटाएवढ्या फ्रेममध्ये होते, बदामाच्या आकाराच्या फ्रेममध्ये होते. शिंपल्यांची किनार असलेल्या एका जोडफ्रेममध्ये ते स्वतःच्याच शेजारी बसलेले होते. पंचेचाळीस जणांची पंचेचाळीस हसू अर्धी, आणि सगळ्यांची नजर तिच्या डोक्यावरून पलीकडे.

"हे कोण आहेत?" तिनं विचारलं.

दुकानदार काच कापत होता. त्यानं मान वर केली, तिच्या बोटाच्या दिशेनं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. "तो होय? तो आमचा साडू."

"काय केलंय त्यांनी?"

"तो काय करणार? बस डेपोत असतो. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर."

"मग फोटो?"

"असं बघा मॅडम, फ्रेम रिकामी ठेवली तर गिऱ्हाईक हात लावत नाही. आत माणूस लागतो. एखादा नट लावला तर लोक म्हणतात, फोटो द्या, फ्रेम राहू द्या. साडू लावला की तो प्रश्न येत नाही. आजवर कोणी साडू मागितलेला नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि हातात चहाचा कप घेऊन सतरा नंबरचे गृहस्थ बाहेर आले. केस पांढरे झाले होते, पोट आलं होतं, पण होते तेच. खुलासा नकळत सरळ उभी राहिली आणि तिनं ओढणी नीट केली. पाच महिने येताजाता मान झुकवलेली, सवय लागते.

"बसा, बसा," साडू म्हणाले. कोणी आपल्यासाठी उभं राहिल्याचा त्यांना अनुभव नसावा, कारण ते स्वतःही पुन्हा उठले.

तिनं सगळं विचारून घेतलं. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. कोट दुकानदाराच्या लग्नातला. "फोटोवाला म्हणाला, काहीतरी केलेल्या माणसासारखं दिसा," साडू म्हणाले. "मी म्हटलं, म्हणजे कसं? तर म्हणाला, काही करू नका, नुसतं लांब बघा."

"आणि चष्मा?"

"तो डेपोतला. वर्षभर कोणी न्यायला आलं नव्हतं. नंबर भलताच होता हो. मला लांबचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. म्हणून तर तो भाव आला."

तिनं वहीत लिहिलं : 'दूरदृष्टी – चष्म्याचा नंबर.' खाली रेघ मारली.

"पण मग नगरपालिकेच्या भिंतीवर तुम्ही कसे?"

साडूंनी कप खाली ठेवला. "मी? भिंतीवर?" ते कधी नगरपालिकेत गेलेच नव्हते. तिथे जायचं म्हणजे काहीतरी कागद लागतो, आणि त्यांच्याकडे कधी कुठला कागद नव्हता.

काचेवरचा हात थांबवून दुकानदार बोलला. त्याच्या आवाजात धंद्याची अब्रू आली. "माझी पद्धत सांगतो. खरा फोटो बसवला तरी नमुना मी काढत नाही. वर तसाच ठेवतो. काच बसवताना, नेताआणताना काही घासलं तर साडूवर घासेल. गिऱ्हाइकाच्या भिंतीवर फ्रेम चढवायच्या वेळी नमुना काढायचा. मी स्वतः जातो तिथे काढतोच."

"एकोणीस वर्षांपूर्वी, नगरपालिकेत गेला होतात?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "त्या वर्षी बहुतेक कचेरीचा माणूस येऊन घेऊन गेला."

पंचेचाळीस साडू लांब बघत राहिले.

"म्हणजे खरा फोटो..." खुलासा म्हणाली.

"कुठे जाणार? खालीच असणार."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बोळ रिकामा झाला तेव्हा ती नानांना घेऊन सतरा नंबरखाली गेली. नानांनी स्टूल धरलं. नेहमी घट्ट धरत, आज त्यांचा हात ढिला होता.

"ताई, राहू द्या ना," ते म्हणाले. "चांगला दिसतो तो तिथे."

"नाना, तो नमुना आहे. खाली खरा माणूस आहे."

"असू दे की. सवय झालेली असेल त्याला."

तिनं फ्रेम उतरवून खिडकीच्या कट्ट्यावर पालथी ठेवली, पत्र्याच्या चार पाकळ्या वळवल्या, पुठ्ठा उचलला. काचेच्या बाजूला साडू होते. त्यांच्यामागे, एकोणीस वर्षं उजेड न लागल्यामुळे कालच काढल्यासारखा, एक फोटो होता. काळे दाट केस, इस्त्रीचा शर्ट, आणि कॅमेऱ्याकडे अशी नजर, की फोटोवाल्याला पाणी हवंय का, असं हा माणूस आता विचारेल.

तिनं फोटोकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. नानांनी बाहेरच्या झाडाकडे बघितलं.

"नाना."

"केस काळे होते तेव्हा," नाना म्हणाले.

गोष्ट दहा वाक्यांची निघाली, पण ती काढायला अख्खी सुट्टी गेली. त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला होता. इतर लोक पाइप कोणाच्या खात्याचा यावर चर्चा करत होते, तोवर नानांनी सगळ्या फायली खाली आणल्या. तेव्हाच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, यंदाचा मान तुम्हाला. फोटो काढून घेतला. समारंभाच्या दिवशी नाना रजेवर होते, बहिणीचं ऑपरेशन होतं. आठ दिवसांनी परत आले तर भिंतीवर कोटातला माणूस. तेव्हाचे अध्यक्ष तोपर्यंत गाव सोडून गेलेले. तेव्हाचे हेडक्लार्क निवृत्त. पट्टी यायची होती ती आलीच नाही.

"मग विचारलं का नाहीत?"

"कोणाला विचारणार? मला वाटलं, विचार बदलला असेल. चांगला माणूस मिळाला असेल." नानांनी कोपऱ्यानं काचेवरचा एक डाग पुसला. "आणि फायलीच तर आणल्या होत्या, ताई. फायली आणणं हे आपलं कामच आहे. उलट मला वाटलं, बरं झालं, वेळेवर लक्षात आलं त्यांच्या."

एकोणीस वर्षं या माणसानं रोज सकाळी स्वतःवरची काच पुसली होती आणि आतल्या परक्या माणसाचा एका शब्दानं हेवा केला नव्हता. खुलासानं वही उघडली आणि पुन्हा मिटली. तिनं ते वहीत लिहिलं नाही, कारण ते तपासता येत नव्हतं.

जे तपासता येत होतं ते तिनं तपासलं. दुपारी अभिलेख खोलीत जाऊन त्या वर्षाआधीच्या फायली मोजल्या. अकराशे चार. प्रत्येकीची कड बघितली. एकीवर डाग मिळाला.

"तो चहाचा," नाना दारातून म्हणाले. "नंतरचा. माझाच."

संध्याकाळी पाचला ती हेडक्लार्कसमोर उभी राहिली आणि तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. हेडक्लार्कचा रुमाल कपाळावरून मानेवर आणि मानेवरून पुन्हा कपाळावर गेला.

"म्हणजे अध्यक्षांना खांद्यावर..."

"साडूंनी घेतलेलं नाही. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, साडूंचं वय आज एकसष्ट, अध्यक्षांचं अठ्ठावन्न. अध्यक्ष पाच वर्षांचे होते तेव्हा साडू आठ वर्षांचे होते."

"हिशेब केलात?"

"केला."

"कशाला केलात?" हेडक्लार्क खरोखर कळवळून म्हणाले. "ऐका माझं. उद्या कार्यक्रम आहे. सोमवारी तुमचा कागद आहे. मधे रविवार. अडीच दिवस खुलासा केला नाहीत तर जग बुडणार आहे का? सतरावर चाळीस शब्द लिहा, खांद्याची गोष्ट घाला, सही करा. खाली कोणाला उतरवायचं तर शिडीवाल्याला उतरवू. नानांना मी वेगळं काहीतरी बघतो. चांगलं घड्याळ देऊ."

ती घरी आली. आईनं चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं.

"चाळीसच शब्द ना?" आई म्हणाली. "लिही की. तुला निबंधात पैकीच्या पैकी असायचे."

"खाली माझी सही आहे, आई."

"सही वाचता येते का तुझी?"

"येते."

"तिथेच चुकलीस." आईनं पोळी तिच्या ताटात टाकली. मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मावशीचं स्टूल तसं वाईट नाही. पाठ टेकायला भिंत आहे."

शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत आली. पुस्तिका तिनंच छापली, तिनंच स्टेपल केली. पन्नास प्रती. मग बोळात जाऊन सतरा नंबरच्या फ्रेममधून साडूंना बाहेर काढलं आणि नानांना काचेला लावलं. फ्रेम सरळ बसली.

समारंभ बोळातच होता. खुर्च्या दोन रांगांत, समोर भिंत, आणि शिडीवाल्याच्या रिकाम्या झालेल्या खिळ्यावर कापडानं झाकलेली अध्यक्षांची नवी फ्रेम. ती घेऊन दुकानदार येणार होता, पण त्याची कंबर धरली म्हणून त्यानं साडूंना पाठवलं होतं. साडूंनी फ्रेम चढवली, नाडी बांधली, आणि हातोडी पाठीमागे लपवून दाराशी उभे राहिले. नगरपालिका आतून कशी दिसते हे ते पहिल्यांदाच बघत होते. जन्ममृत्यूच्या कारकुनांनी त्यांच्याकडे दोनदा वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा बघायचं टाळलं.

हेडक्लार्कचं भाषण झालं. अध्यक्ष उठले. उंच, जाड मिशांचे, कार्यक्रमांना सरावलेले. त्यांनी नाडी ओढली, कापड खाली आलं, टाळ्यांचा कडकडाट झाला.

फ्रेममध्ये साडू होते.

टाळ्या तशाच चालू राहिल्या, कारण टाळ्या कापडाला होत्या. अध्यक्षांनी वर बघितलं. ओळखीचा चेहरा दिसला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं तोंड आपोआप सुरू झालं. "मी पाच वर्षांचा होतो. चौकात तोबा गर्दी होती. मला काही दिसेना. तेव्हा या थोर पुरुषानं मला..." आणि इथे त्यांचा हात नेहमीप्रमाणे वळला, तो थेट दाराकडे, जिथे तोच थोर पुरुष पांढऱ्या केसांनी उभा होता.

"आपण...?" अध्यक्षांनी विचारलं.

"साडू," साडू म्हणाले.

"कोणाचे?"

"फ्रेमवाल्याचा." मग सगळे अजून आपल्याकडेच बघतायत हे बघून, काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी नम्रपणे पुढे जोडलं, "खांद्यावर मी नसेन घेतलं, साहेब. मला खांद्याचा जुना त्रास आहे."

कोणीतरी खोकलं. हेडक्लार्क रुमालाच्या मागे गेले. अध्यक्षांनी सतरा नंबरकडे बघितलं. तिथे काळ्या केसांचे नाना त्यांना पाणी हवंय का विचारत होते. खाली, दुसऱ्या रांगेच्या टोकाला पांढऱ्या केसांचे नाना हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. अध्यक्षांनी पुस्तिका उघडली आणि सतरावं पान मोठ्यानं वाचलं, बहुधा आपण मोठ्यानं वाचतोय हे लक्षात न येता.

"दुसऱ्या मजल्यावर पाइप फुटला त्या दिवशी नानांनी अकराशे चार फायली एकट्याने खाली आणल्या. एकही भिजली नाही. एकही क्रम चुकला नाही. गेली एकोणीस वर्षं ते या भिंतीवर होते. हे त्यांना माहीत नव्हतं. तरी भिंत त्यांनी रोज पुसली. त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही."

"एकट्याने नाही," नाना पुटपुटले. "जिन्याला कठडा होता."

अध्यक्षांनी पान उलटलं. एकदम शेवटचं उघडलं, पंचविसावं. ते त्यांनी मनात वाचलं. वाचायला वेळ लागला नाही.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," खुलासा म्हणाली. पायाखाली मावशीचं स्टूल आल्यासारखं तिला वाटलं.

"चाळीस शब्द ठरले होते. माझ्यावर अकरा आहेत."

"तपासून अकराच मिळाले, साहेब."

ते अकरा शब्द असे होते : 'अकरा वर्षं अध्यक्ष आहेत. सभागृहाचे पंखे त्यांच्या काळात बदलले. ते चालतात.'

अध्यक्षांनी उघड्या दारातून सभागृहाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पंखे चालत होते.

"चालतात खरे," अध्यक्ष म्हणाले. ते खुर्चीवर बसले. भाषणाचा आवाज संपून त्यांचा घरचा आवाज आला, जो कचेरीत कोणी ऐकलेला नव्हता. "खांद्यावर घेतलं होतं, हे मात्र खरं आहे हो. कोणीतरी घेतलं होतं. गर्दी होती, मला सगळं दिसलं. फक्त त्या माणसाचा चेहरा नाही दिसला. खांद्यावर बसलं की खालच्याचं डोकं तेवढं दिसतं. पुढे ही भिंत बघितली, हा चेहरा चांगला वाटला, म्हटलं, हाच असेल."

हेडक्लार्क पुढे झाले. "साहेब, नमुना काढला की खाली आपला फोटो आहे. मी आत्ता काढतो. दोन मिनिटं."

"आत आहे मी?"

"आत आहात."

अध्यक्षांनी नानांकडे बघितलं. "कसं असतं आत?"

नानांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "धूळ लागत नाही, साहेब," ते म्हणाले.

अध्यक्ष हसले. आधी थोडं, मग मिशा हलेपर्यंत, आणि मग बोळातल्या सगळ्यांना हसायला परवानगी मिळाली. "राहू द्या मग," ते म्हणाले. "शिडीवाल्यांना त्यांच्या खिळ्यावर परत लावा, त्यांनी निदान शिडी दिली होती. मला त्या दारावर टांगा. आणि वरचा माणूस काढू नका. चाळीस शब्द झाले की काढा. या बाईंना विचारून."

सोमवारी अकरा वाजता कागद परत आला. कायम. समासात लाल शाईनं अध्यक्षांच्या हातचं एक वाक्य होतं : 'खुलासा समाधानकारक.' तिनं ते दोनदा वाचलं, तारीख तपासली. तारीख चुकलेली होती. ती दुरुस्त करून घ्यायला ती ताबडतोब उठली.

आता स्वच्छतागृहाच्या दारावर साडू आहेत. दर गुरुवारी डेपोची खिडकी बंद झाली की ते येतात, स्वतःकडे थोडा वेळ बघतात, आणि जाताना कोणी काही हरवलंय का विचारतात. आत अध्यक्ष आहेत. मध्यंतरी त्यांनी चौकातला नळ दुरुस्त करून घेतला. खुलासा जाऊन बघून आली, खरंच दुरुस्त झालाय. सात शब्द वाढले. अजून बावीस हवेत.

नाना रोज सकाळी काचा पुसतात, जिन्यापासून दारापर्यंत. सतरा मात्र सोडतात. स्वतःचं तोंड स्वतः पुसायला लाज वाटते म्हणे. ते खुलासा पुसते.